आधीची जागा का सोडलीत?

काशी, २३ जानेवारी १९२३

नोकरीसाठी दारोदार हिंडणाऱ्या माझ्या शिक्षकबंधूंनो! आपण काय शिकलो, कसे शिकवतो, मुले आपल्या वर्गात आनंदाने बसतात की भीतीने, हे आपल्याला कोणी विचारत नाही. विचारतात एवढेच, आधीची जागा का सोडलीत? ज्याने ती सोडायला लावली तो गादीवर बसून पान चघळत असतो. त्याला मात्र कोणी विचारत नाही की बाबा रे, तू का सोडायला लावलीस?

हे घाटावर उभे राहून म्हणण्याजोगे आहे. पण घाटावर एकदा बोललो त्याचेच तर हे फळ आहे. म्हणून आजपासून ही वही माझी सभा. इथले श्रोते मध्येच उठून जात नाहीत.

हकीगत थोडक्यात लिहून ठेवतो. मुन्शी घाटावर मी स्वदेशीवर व्याख्यान दिले. आठवड्याच्या आत आमच्या शाळेच्या मॅनेजरांनी सर्व शिक्षकांपुढे एक कागद ठेवला. परवानगीशिवाय कोणत्याही सभेत बोलणार नाही, असे त्यावर लिहून द्यायचे होते. सगळ्यांनी सह्या केल्या. केल्या नाहीत त्या मी आणि गणित शिकवणाऱ्या बिंदुमाधव पाध्येने. आम्ही दोघेही बाहेर पडलो.

मेव्हण्यांनी नागपुरात त्यांच्या कापसाच्या पेढीवर माझ्यासाठी जागा धरून ठेवली आहे, पण पाडव्यापर्यंतच. मला नागपूरचे वावडे नाही. अडचण आईची आहे. वडील गेल्यावर तिने क्षेत्रसंन्यास घेतला, म्हणजे मरेपर्यंत काशीची सीमा ओलांडायची नाही. माझी बायको सीता इन्फ्लुएंझात गेली तेव्हापासून घरात आम्ही दोघेच. पाडव्याच्या आत काशीतच काम मिळाले नाही, तर मी तिकडे आणि ती इथे एकटी.

मिळेल. न मिळायला काय झाले? बाजू आपली खरी आहे.

३० जानेवारी

आज एका शाळेच्या समितीपुढे गेलो. सेक्रेटरी कायस्थ गृहस्थ, फार सभ्य. म्हणाले, "पंडितजी, पिछली जगह क्यों छोड़ी?"

मी उभा राहिलो. बसून मला नीट बोलता येत नाही.

वडिलांच्या पाठशाळेतला पहिला धडा असा होता की समोरच्याचे म्हणणे त्याच्यापेक्षा चांगले मांडता आले, तरच ते खोडण्याचा अधिकार मिळतो. यालाच पूर्वपक्ष म्हणतात. जो लंगडा पूर्वपक्ष मांडी त्याला वडील सभेतून उठवत. तेव्हा मी आधी मॅनेजरांची बाजू घेतली. शाळा सरकारी अनुदानावर चालते, एका शिक्षकाच्या जिभेपायी ते बंद झाले तर एवढ्या मुलांनी जायचे कुठे? ज्याचे मीठ खाल्ले त्याला संकटात टाकणे याला देशभक्ती म्हणायचे की कृतघ्नपणा? आणि शेवटी सर्वांत धारदार मुद्दा: या माणसाने एका तरुण सहकाऱ्यालाही नादी लावले. जो स्वतःच्या डोक्याने ना सही करतो ना नाकारतो, अशाच्या हाती वर्ग द्यावा काय?

खोलीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती. सेक्रेटरी लिहून घेत होते. त्यांना सवड मिळावी म्हणून मी हळू बोललो. आता उत्तरपक्ष सुरू करणार, तोच ते उठून हात जोडून म्हणाले, "बस, पंडितजी, बस. आपने तो सब साफ़-साफ़ कह दिया."

असा श्रोता विरळा. घरी येऊन आईला सगळे सांगितले. ती वाती वळत बसली होती.

"आणि तुझं उत्तर?"

"त्याची वेळच आली नाही. पूर्वपक्षातच ते इतके रंगले!"

आईच्या हातातली वात तशीच राहिली. मग म्हणाली, "जेवून घे."

७ फेब्रुवारी

नकार आला. कारण दिलेले नाही. समितीत कोणी सरकारी माणूस असणार.

संध्याकाळी अमृतराव घाटावर दत्तोपंतांना गाठले. घाटांवरच्या हवेल्यांना शिकवणी मास्तर, कारकून, पुजारी, आचारी हे सगळे दत्तोपंतच पुरवतात. तोंडात कायम सुपारी आणि बोलण्यात कायम टोमणा.

"या, व्याख्याते! काशी जिंकून झाली, आता पोट जिंकायला निघालात?"

मी काम सांगितले. ते म्हणाले, "एका बंगाली जमीनदाराचे नातू आहेत. संस्कृत शिकवायचंय. दिवाण एकच गोष्ट विचारील."

"आधीची जागा का सोडली."

"वा! हुशार आहात. तर सांगायचं, तिथली हवा मानवली नाही."

"शाळा आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर होती, दत्तोपंत. दोन गल्ल्यांत हवा बदलते?"

"अहो, काशी आहे ही. दर गल्लीची हवा निराळी असते." ते हसले, मग हसू थांबवून म्हणाले, "बरं, खोटं नको ना? मग खरं सांगा. आई काशी सोडत नाही आणि मी आईला सोडत नाही. एवढं एक वाक्य. दिवाणाची आई केदार घाटावर राहते, त्याच्या डोळ्यांत पाणी येईल. मला मास्तर मिळेल, तुम्हाला काम."

"म्हातारीच्या पदराआड उभा राहून मी काम मागू? माझं कारण तत्त्वाचं आहे. ते तत्त्व म्हणूनच ऐकलं गेलं पाहिजे."

दत्तोपंतांनी सुपारी थुंकली. "ऐकवा बुवा. तुमचं तत्त्व, तुमचं पोट."

१५ फेब्रुवारी

दिवाण भला माणूस. त्याने मला चहा पाजला, पूर्वपक्ष पुरा ऐकला, आणि मी उत्तरपक्षाचे पहिले वाक्य उच्चारताच माझा हात हातात घेऊन म्हणाला की इतका प्रांजळ माणूस त्याने पाहिला नाही. स्वतःचे दोष असे उघड सांगायला धैर्य लागते. परंतु मालक जरा जुन्या वळणाचे आहेत.

'स्वतःचे दोष'! घाट चढताना हे दोन शब्द पायांत अडकत होते. दोष मी मॅनेजरांच्या तोंडून सांगितले, माझ्या तोंडून नव्हे. एवढा फरक ज्याच्या दिवाणाला कळत नाही त्याच्या नातवांना काय शिकवायचे?

२१ फेब्रुवारी

आज बिंदुमाधव आला. उंबऱ्याच्या आत आला नाही, दारातच उभा राहिला. त्याचे असे कधी होत नाही. तो थेट स्वयंपाकघरात जाऊन आईकडे पोहे मागणारा आहे.

त्याला त्याच सभ्य सेक्रेटरींनी बोलावले होते. गणिताची जागा होती. तेच विचारले. त्याने उत्तर द्यायला तोंड उघडले तर ते म्हणाले, राहू द्या, आपके साथी ने हमें सब बता दिया है. आणि कागद पुढे ओढून वाचून दाखवले: जो स्वतःच्या डोक्याने ना सही करतो ना नाकारतो, अशाच्या हाती वर्ग द्यावा काय?

"तुम्ही म्हणालात हे?"

"अरे, तो पूर्वपक्ष होता!"

"त्यांच्या कागदावर तसं लिहिलेलं नाही. कागदावर तुमचं नाव आहे."

मी संतापलो. अर्धे बोलणे लिहून घेणारी माणसे! याला बेइमानी म्हणतात, दुसरा शब्द नाही. मी बराच वेळ बोललो. बिंदुमाधव ऐकत होता. मी थांबल्यावर म्हणाला, "यज्ञेश्वरराव, मला दुसरीकडेही विचारतात. सगळे सेक्रेटरी एकमेकांकडे चहाला जातात." आणि जिना उतरून गेला.

तो असा तुटक का वागला, कळले नाही. अन्याय आम्हा दोघांवर सारखाच झाला आहे.

२२ फेब्रुवारी

कळले. आईने कळवले.

सकाळी मी पुन्हा त्या सेक्रेटरीवर घसरलो होतो. आई म्हणाली, "यज्ञा, तुझे वडील सभेत पूर्वपक्ष मांडायचे तेव्हा समोर कोण बसायचं?"

"शास्त्री, पंडित, विद्यार्थी."

"त्या सगळ्यांना ठाऊक असायचं की हा आवाज दुसऱ्याचा आहे. उत्तर संपेपर्यंत कोणी उठायचं नाही. तू ज्यांच्यापुढे उभा राहतोस त्यांना काय ठाऊक? त्यांना वाटतं, मास्तर कबुली देतोय."

मी म्हणालो, मग त्यांनी शिकावे. ती म्हणाली, "ते शिकतील तोवर तो पोरगा काय खाईल?" आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "शिवाय तू त्यांची बाजू इतकी छान मांडतोस, की मला वाटतं तुला ती थोडी पटते."

मी घराबाहेर पडलो. दिवसभर नदीच्या काठाने हिंडलो. दिवे लागल्यावर हे लिहीत आहे, आणि खरे तेच लिहायचे असे ठरवले आहे. अनुदानाचा मुद्दा मला पटत नाही. मिठाचा तर मुळीच नाही. तिसरा मात्र पटतो. मॅनेजर तसे कधी म्हणालेच नव्हते. तो मुद्दा मी त्यांना घडवून दिला, कारण मनातून मला तसेच वाटत होते. बिंदुमाधवने सही केली नाही ती माझ्याकडे पाहून, हे मी धरूनच चाललो होतो. त्याला मी एकदाही विचारले नाही.

काल तो दारात उभा होता तेव्हाही विचारले नाही.

४ मार्च

काल होळी झाली. गल्ल्यांत अजून रंग आहे. भोसले घाटामागे बिंदुमाधवच्या घरी गेलो. तो ओसरीवर शेजारच्या दोन मुलींना त्रैराशिक शिकवत होता. माझ्याकडे पाहून म्हणाला, "बसा. एवढं उदाहरण होऊ दे." ते उदाहरण फार लांबले. मुद्दाम लांबवले असावे.

मुली गेल्यावर मी विचारले, "तू सही का केली नाहीस?"

"आता विचारताय?"

"आता विचारतोय."

तो पाटी पुसत राहिला. म्हणाला, "कागदाच्या पहिल्या ओळीत होतं, 'मी स्वखुशीने लिहून देतो.' माझी खुशी नव्हती. मग स्वखुशीने कसं लिहायचं? मी मॅनेजरसाहेबांना म्हटलं होतं की तेवढा शब्द काढा, सही करतो. मला सभेत बोलायचं नसतंच. चार माणसांत माझी जीभ लटपटते. ते म्हणाले, छापील आहे, शब्द निघणार नाही. म्हणून केली नाही."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही तेव्हा बोलत होतात."

त्याच्या बहिणीने, शरदिनीने, गुजिया, म्हणजे इकडच्या करंज्या, आणून ठेवल्या. मी एक उचलली. तशीच परत ठेवली.

मीही तो कागद वाचला होता. त्यावर अर्धा तास व्याख्यान देता येईल इतका वाचला होता. तो शब्द माझ्या नजरेला पडला नव्हता.

९ मार्च

नवी शाळा निघते आहे. सहायक शिक्षकाची एकच जागा आहे, संस्कृतवाला चालेल, गणितवालाही चालेल. रविवारी आम्हा दोघांनाही बोलावले आहे. पाडव्याआधीची ही शेवटची संधी. समितीचे अध्यक्ष वकील बाबू केदारनाथ, आणि समितीत वृद्ध विश्वेश्वरशास्त्रीही आहेत. ते वडिलांना ओळखत.

आई मला तयार करते आहे. चूल फुंकता फुंकता एकदम विचारते, "पिछली जगह क्यों छोड़ी?"

"प्रथम हे ध्यानात घेतलं पाहिजे की—"

"नापास. पुन्हा. क्यों छोड़ी?"

"शाळेच्या बाजूने पाहता—"

"शाळेची बाजू शाळा पाहील! तुझी सांग. एका दमात."

"तोंड बंद ठेवीन असं लिहून द्यायला सांगितलं. दिलं नाही."

"हं. आणि आमच्याकडे का यायचंय?"

मी चुलीत एक लाकूड सारले.

"ते मी शिकवणार नाही," आई म्हणाली, आणि फुंकणी ठेवून दिली.

११ मार्च, रविवार

आधी मला बोलावले. बिंदुमाधव बाहेर बाकावर बसला होता. आमची नजरानजर झाली, बोलणे झाले नाही.

प्रश्न आला. मी खुर्चीतून उठलो नाही आणि एका दमात उत्तर दिले. विश्वेश्वरशास्त्री हसले. "आज सिद्धान्त आधी आला? पूर्वपक्ष कुठं राहिला?"

"बाहेर हिंडतोय, शास्त्रीबुवा. महिनाभर मीच मोकळा सोडलाय त्याला."

बाबू केदारनाथांनी चष्मा काढला. "वही तो पूछना था. आपकी बात हमको ठीक लगती है. साफ़ आदमी हैं आप. लेकिन वो दूसरे साहब, बाहर जो बैठे हैं, उनके बारे में आपने ख़ुद जगह-जगह कहा है कि अपने दिमाग़ से नहीं चलते. तो उन्हें हम क्या बुलाएँ?"

बंधूंनो, जागा माझी झाली होती. 'जैसा आप ठीक समझें' एवढे म्हणायचे होते. खोटेही झाले नसते. गप्प राहिलो असतो तरी भागले असते. डोळ्यांपुढे आई होती, आणि तिच्यासाठी मी काहीही करीन असे मी आजवर समजत आलो होतो.

मी म्हणालो, "ते मी म्हणालो, पण ते खोटं आहे. मी न विचारता म्हणालो." आणि 'स्वखुशी'ची गोष्ट सांगितली. त्याने मॅनेजरांकडे शब्द काढायला मागितल्याचेही सांगितले. एक उपमा नाही, एक दाखला नाही. इतके कोरडे मी जन्मात बोललो नव्हतो. कोणी मध्ये थांबवले नाही.

केदारनाथ म्हणाले, "तो दो जगह आपने जो कहा, वो ग़लत था? और यहाँ जो कहते हैं, वो सही?"

"होय."

ते शेजारच्या सभासदाच्या कानाशी लागले. विश्वेश्वरशास्त्रींनी मात्र मला विचारले, मराठीत, "यज्ञेश्वर, तुला ही जागा कशासाठी हवी?"

ओठांवर व्याख्यान आले होते. राष्ट्र, विद्या, नवी पिढी, सगळे रांगेत उभे होते. मी म्हणालो, "माझी आई काशी सोडू शकत नाही."

शास्त्रीबुवा पुढे वाकले. "हे आधी ज्यांच्याकडे गेलास त्यांना सांगितलं होतंस?"

"नाही."

"का रे?"

मी नमस्कार करून उठलो. बाहेर आलो तेव्हा बिंदुमाधवच्या नावाचा पुकारा झाला.

१६ मार्च

जागा बिंदुमाधवला मिळाली. शास्त्रीबुवांनी निरोप्याकडून मला तोंडी कळवले की त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला होता. पण समितीचे म्हणणे असे की एका तोंडाने दोन गोष्टी सांगणाऱ्याला मुलांपुढे कसे उभे करायचे. पूर्वपक्ष म्हणून हा बरा आहे. मला खोडता येत नाही.

संध्याकाळी बिंदुमाधव आला. थेट स्वयंपाकघरात गेला आणि आईपुढे उभा राहून म्हणाला, "काकू, मी ही जागा घेत नाही. शास्त्रीबुवांकडून सगळं कळलं. यज्ञेश्वररावांनी तिथं माझी बाजू सांगितली नसती तर ती त्यांचीच होती."

आई म्हणाली, "बस खाली. दोघांनी मिळून उपाशी राहायचं व्रत मी घेतलेलं नाही, माझं व्रत वेगळं आहे. घरी सांगून ये की आज इथंच जेवणार."

"पण तुम्ही एकट्या—"

"एकटी कशी? विश्वनाथाच्या गावात राहते." आवाज घट्ट होता. मग पीठ मळायला घेतले आणि कितीतरी वेळ मळत राहिली. तिघांच्या पोळ्यांना तेवढे मळावे लागत नाही.

मी नागपूरला तार केली आहे.

१९ मार्च

काल पाडवा झाला. गुढी आईने उभारली. मी नुसता काठी धरून होतो.

उद्या सकाळची गाडी आहे. बिंदुमाधव पोहोचवायला येणार आहे. आज दुपारी तो ट्रंक बांधायला आला होता. तेव्हा त्याला एक गोष्ट सांगायचे ठरवले होते. दोनदा तोंड उघडले आणि दोन्ही वेळा दुसरेच बोललो, एकदा नागपूरच्या उन्हाळ्यावर, एकदा ट्रंकेच्या कुलपावर. हजार माणसांपुढे न अडखळणारा मी एका माणसापुढे अडखळलो. म्हणून हे पान वहीतून फाडून उद्या स्टेशनावर त्याच्या हातात देणार आहे.

बिंदुमाधव, आईला आता दिसत नाही. उजेड-अंधार तेवढा कळतो. तिने हे कोणाला सांगितलेले नाही, मलाही नाही. तू विचारू नकोस. पहाटे ती एकटीच स्नानाला निघेल आणि भिंत धरून घाट उतरेल. शेवटच्या पायऱ्या शेवाळलेल्या आहेत आणि तिथे भिंत नाही. हात पुढे केलास तर ती झिडकारील. तू आपला स्नानाला निघाल्यासारखा ये, तिच्या एक पायरी पुढे चाल, आणि तुझा खांदा तिच्या हाताला लागेल असा ठेव. ती धरील. परवापासून, शाळेत जाण्याआधी, रोज ये.